पॉमेरियन की स्पिट्झ? पिल्लू घेण्याआधी जाणकारांनी सांगावं

रंकाळावेस
नमस्कार मंडळी. राजारामपुरीत एक पांढरंशुभ्र पिल्लू बघून ठेवलंय. विकणारे त्याला 'टॉय पॉम' म्हणतात, वय ४५ दिवस सांगतात आणि 'दोन किलोच्या वर जाणार नाही' अशी छातीठोक हमी देतात. घरात मात्र दोन तट पडलेत. एक म्हणतो हा पॉमेरियन, दुसरा म्हणतो हा आपला नेहमीचा स्पिट्झ. दोघांत नेमका फरक काय, हे कुत्रे आले कुठून, स्वभावाला कसे? घरी आजी आहेत, फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर. आणि एवढ्या केसांचा कुत्रा कोल्हापूरच्या एप्रिल-मेमध्ये राहतो कसा? केस काढून टाकले तर चालतं का?

जुना_बुधवार
पांढरा रंग, टोकदार तोंड, पाठीवर वळलेली शेपूट. पेठेत सगळी ह्यालाच पामेरियन म्हणत्यात. नावाचा घोळ कशाला घालताय, घेऊन टाका.

ऊनसावली
जुना_बुधवार, घोळ नावापासूनच सुरू होतो, म्हणून आधी नाव निस्तरू.

पोमेरेनिया हा बाल्टिक समुद्राकाठचा मुलूख. आज त्याचा मोठा भाग पोलंडमध्ये आणि पश्चिमेकडचा भाग जर्मनीत आहे. नाव स्लाव्ह भाषेतलं, 'पो मोरे' म्हणजे समुद्राला लागून असलेली जमीन. त्या बाजूचे स्पिट्झ कुत्रे शेता-गोठ्यांवर राखणीला असत. जर्मनीत त्यांना 'मिस्टबेलर' असंही म्हणत, म्हणजे उकिरड्यावर उभं राहून भुंकणारा. उंचवट्यावर चढायचं आणि अनोळखी दिसला की ओरडायचं, हे त्यांचं मूळ काम. स्वभावाचा प्रश्न विचारलाय ना, त्याचं अर्धं उत्तर इथंच आहे.

इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज, त्याची राणी शार्लट ही शेजारच्या मेक्लेनबुर्ग-श्ट्रेलित्स संस्थानातली. तिनं १७६७ साली अशी एक जोडी इंग्लंडात आणवली. चित्रकार गेन्सबरोनं त्या काळात रंगवलेले पॉमेरियन बघितले तर ते चांगले मध्यम आकाराचे, लांब तोंडाचे कुत्रे आहेत. आजचा मुठीएवढा गोळा नाही. आकार घटला तो राणी व्हिक्टोरियाच्या काळात. १८८८ मध्ये फ्लॉरेन्सला गेली असताना तिनं मार्को नावाचा कुत्रा घेतला, वजन सुमारे १२ पौंड, म्हणजे साडेपाच किलोच्या आत. १८९१ च्या क्रफ्ट्स श्वानप्रदर्शनात तिचे पॉम उतरले होते. राणीकडं लहान कुत्रा आहे म्हटल्यावर सगळ्यांना लहानच हवा झाला, आणि पैदास करणारे प्रत्येक वेतातलं लहान पिल्लू पुढं ठेवत गेले. १९०१ मध्ये राणी गेली तेव्हा तिच्या मागणीवरून टुरी नावाचा पॉम अंथरुणात तिच्याजवळ ठेवला होता. १९१२ मध्ये टायटॅनिकवरून तीन कुत्रे वाचले, त्यातले दोन पॉमेरियन होते. तिसरा पेकिनीज. कडेवर मावत होते म्हणून बोटीत चढू शकले.

आजचा नियम असा: जागतिक श्वानसंघ जर्मन स्पिट्झचे पाच आकार मानतो आणि त्यातला सगळ्यात लहान तो पॉमेरियन, खांद्यापर्यंत उंची १८ ते २४ सेंटिमीटर. अमेरिकी मानकात वजन ३ ते ७ पौंड, म्हणजे साधारण १.४ ते ३.२ किलो.

जुना_बुधवार
मग पेठेत सहा-सात किलोचं फिरत्यात ते कोण?

ऊनसावली
तो इंडियन स्पिट्झ. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी जर्मन स्पिट्झच्या वंशाचे कुत्रे इकडं आणले आणि इथल्या हवेत टिकणारी पैदास पिढ्यान्पिढ्या निवडली गेली. त्यातून अंगावर तुलनेनं हलके केस, लांब तोंड, मोठे कान आणि दमदार पाय असलेला हा कुत्रा तयार झाला. लहान चणीचा साधारण ५ ते ७ किलो भरतो, मोठ्या चणीचा १२ च्या पुढं जातो. १९८०-९० च्या दशकात परदेशी कुत्री आयात करणं अवघड होतं, तेव्हा घरोघरी हाच पोहोचला. १९९४ च्या त्या लग्नाच्या गाजलेल्या हिंदी सिनेमातला टफी हाच.

उद्यमनगर_लेथ
म्हणजे स्पिट्झ हा पॉमची भेसळ, असंच ना? दुकानात तसंच सांगतात.

चिमणीचं_घर
मुळीच नाही. ही समजूत मोडायला हवी. आजचा पॉम आणि इंडियन स्पिट्झ या एकाच जर्मन स्पिट्झ घराण्याच्या दोन शाखा आहेत. एकाला इंग्लंडच्या दिवाणखान्यासाठी लहान केलं, दुसरा आपल्या अंगणासाठी घडला. इंडियन स्पिट्झला जागतिक संघाची मान्यता नाही, एवढाच कागदोपत्री फरक. बाकी कोल्हापूरच्या हवेत राहायचं तर तोच जास्त निरोगी आणि कमी खर्चाचा, हे मी ठामपणे सांगेन.

पन्हाळ्याचा_वारा
इथं थोडा मतभेद. निरोगी दोन्हीही असू शकतात, आई-बाप बघून घेतले तर. चांगल्या पैदाशीचा अडीच-तीन किलोचा पॉम १२ ते १६ वर्षं जगतो. घात होतो तो 'टीकप'च्या नादात. टीकप अशी कुठलीही जात नाही, आकारही नाही. दीड किलोच्या आतलं कुत्रं करायचं म्हणून वेतातली सर्वांत अशक्त पिल्लं एकमेकांना जोडतात. मग टाळू बंद होत नाही, दुधाचे दात पडत नाहीत, उडी मारली की पुढच्या पायाची काडीएवढी हाडं मोडतात. अशा आईला व्यायला त्रास होतो, एक-दोनच पिल्लं पण डोकी मोठी, म्हणून बऱ्याचदा सिझेरियन करावं लागतं.

आणि साखर. तीन-चार महिन्यांच्या आतलं चिमुकलं पिल्लू पाच-सहा तास उपाशी राहिलं तरी रक्तातली साखर उतरू शकते. लक्षणं: सुस्ती, झोकांड्या, अंग गार पडणं, मग झटके. अशा वेळी बोटभर मध किंवा ग्लुकोजची घट्ट पेस्ट हिरड्यांना चोळायची, घशात ओतायची नाही, ऊब द्यायची आणि तडक डॉक्टर गाठायचा. तीन महिन्यांपर्यंत दिवसातून चार वेळा खाणं, रात्री झोपताना शेवटचं.

'दोन किलोच्या वर जाणार नाही' ही हमी ४५ व्या दिवशी कुणीही देऊ शकत नाही. टॉय जातींचा ढोबळ ठोकताळा म्हणजे तीन महिन्यांच्या वजनाची दुप्पट. तोही आई-बापांचं वजन बघूनच.

कायद्याचं_बोला
४५ दिवस हाच मुद्दा आधी यायला हवा होता. कुत्र्यांच्या पैदाशीबद्दलचे केंद्राचे २०१७ चे नियम आहेत. त्यानुसार आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही आणि पैदास करणाऱ्याची राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडं नोंदणी लागते. नोंदणी क्रमांक मागा.

नियमामागं कारण आहे. पाचव्या ते आठव्या आठवड्यात पिल्लू भावंडांशी खेळताना चावा किती जोरात घ्यायचा ते शिकतं. जोरात चावलं की समोरचं केकाटून खेळ थांबवतं. हे शिकण्याआधी उचललेली पिल्लं पुढं हातापायाला दात लावतात आणि एकटी राहिली की रडून घर डोक्यावर घेतात.

करवानी_बाणा
माफ करा, पण कोल्हापुरात बसून बाल्टिकच्या कुत्र्याची चर्चा? आपला करवानी, म्हणजे मुधोळ हाऊंड बघा. मुधोळ इथून फार लांब नाही. घोरपडे संस्थानिकांनी ही जात जपली, मालोजीराव घोरपड्यांनी पाचव्या जॉर्जला जोडी भेट दिली होती. उन्हापावसाला काटक, केस विंचरायची भानगड नाही.

ऊनसावली
करवानीबद्दल आदरच आहे. पण तो नजरेनं सावज टिपून धावणारा शिकारी कुत्रा, त्याला रोज मोकळ्या रानात पळायला लागतं. तिसऱ्या मजल्यावर, आजींच्या सोबतीला तो बांधून ठेवणं म्हणजे त्याचेच हाल. मुधोळवर वेगळा धागा काढा, तिथं जरूर येतो.

करवानी_बाणा
हे मात्र पटलं. काढतो.

चिमणीचं_घर
आजींच्या दृष्टीनं स्वभाव. दोन्ही कुत्री माणसाला चिकटून राहणारी, हुशार, मांडीवर बसायला आवडणारी. पण मांडीवरची म्हणून मवाळ नव्हेत. अंगानं लहान असली तरी वृत्ती राखणदाराची आहे, म्हणून मोठ्या कुत्र्यावरही धावून जातात. लहान मुलांनी उचलून खाली टाकलं तर पॉमचं हाड मोडतं, पाच-सहा वर्षांखालची मुलं असतील तर स्पिट्झ बरा.

वयस्क माणूस असलेल्या घरात खरा धोका पायात येण्याचा. पट्ट्याला एक घुंगरू बांधा, कुत्रं कुठं आहे ते आजींना कळतं. आणि पट्टा गळ्याला नको, छातीला हवा. या जातींची श्वासनलिका नाजूक असते. गळपट्ट्याला हिसके बसत राहिले की नळीचा त्रास वाढतो आणि हंसासारखा 'हाँक' असा कोरडा खोकला सुरू होतो. वजन वाढलं की हाच त्रास दुप्पट.

टाऊनहॉल
भुंकण्याचं काय? अपार्टमेंटमध्ये शेजाऱ्यांच्या तक्रारी येतात.

चिमणीचं_घर
भुंकणं बंद होणार नाही, आटोक्यात येतं. दारावरची घंटा वाजली, दोन-तीनदा भुंकू द्या, मग शांत आवाजात 'बास' म्हणा आणि नाकासमोर खाऊ धरा. हुंगायला लागलं की आपोआप गप्प होतं. दोन सेकंद गप्प, मग खाऊ. पुढच्या वेळी पाच सेकंद, मग दहा. रोज पाच मिनिटं, घरातल्याच कुणीतरी मुद्दाम घंटा वाजवायची. चुकतं कुठं? आपण 'ए गप!' म्हणून ओरडतो. त्याला वाटतं आपणही सोबत भुंकतोय. आणि गॅलरीत एकटं सोडू नका, उंचावरून येणारा-जाणारा दिसला की उकिरड्यावरचा पूर्वज जागा होतो.

उद्यमनगर_लेथ
आमच्या भागात मार्चमध्ये सगळी पॉम-स्पिट्झ मशिन लावून सफाचट करतात. हलकं वाटतं कुत्र्याला. त्यात काय वाईट?

कंगवा_आणि_कात्री
ग्रूमिंगमधला सगळ्यात मोठा गैरसमज हाच आहे, म्हणून जरा लांबण लावतो.

या कुत्र्यांना दुहेरी केस असतात. आत कापसासारखा दाट मऊ थर, वर लांब राठ केस. वरचा थर ऊन थेट कातडीवर पडू देत नाही. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, धाप टाकूनच ते गार होतं. त्यामुळं केस काढून घामाचा फायदा काही मिळत नाही, उलट गुलाबी कातडी भाजते. दुसरं, मशिन लावल्यावर आतला कापूस पटकन वाढतो, वरचे राठ केस फार सावकाश येतात किंवा ठिगळाठिगळानं येतात. काही कुत्र्यांत केस परत यायला सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत लागतात, काहींत कधीच पूर्ववत होत नाहीत. पॉममध्ये केस गळून कातडी काळी पडण्याचा एक वेगळा आजारही आहे, त्याला अलोपेशिया एक्स म्हणतात. मशिन मारलेल्या कुत्र्यात तो आजार आहे की कापण्याचा परिणाम, हे डॉक्टरांनाही सांगणं अवघड जातं.

मग उन्हाळ्यात करायचं काय? आतला सुटा कापूस काढायचा, म्हणजे हवा कातडीपर्यंत खेळते. पद्धत अशी: कुत्र्याला कुशीवर झोपवा. केसांवर पाण्याचा हलका फवारा मारा, कोरडे केस विंचरले तर तुटतात. एका हातानं केस वर दाबून धरा, खाली कातडीची रेघ दिसली पाहिजे. त्या रेघेपासून एक-दोन सेंटिमीटरची पट्टी सोडा आणि पिन ब्रशनं मुळापासून टोकाकडं विंचरा. मग वरची पुढची पट्टी. नुसता वरवर ब्रश फिरवला तर वर चकचकीत आणि आत नमदा तयार होतो. शेवटी स्टीलचा कंगवा घाला, तो अडला तर तिथं गाठ आहे. गाठी होण्याच्या जागा ठरलेल्या: कानामागं, काखेत, पट्ट्याखाली, मांड्यांच्या मागं. गाठ बोटांनी सोडवा, कात्री कातडीला समांतर नको, कातडी गाठीत ओढलेली असते आणि कापली जाते.

आठवड्यातून तीनदा पंधरा मिनिटं पुरतात. वर्षातून दोनदा कापूस झडतो तेव्हा रोज. कात्री फक्त तीन ठिकाणी: पंजाच्या गाद्यांमधले केस, शौचाच्या जागेभोवती आणि पायांच्या कडा.

पिल्लू घेणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवा: चार ते सहा महिन्यांच्या दरम्यान पिल्लाचे केस गळून ते अगदी उंदरासारखं दिसतं. घाबरून तेल-औषधं सुरू करू नका. मोठेपणीचे केस वर्षाच्या आत येतात.

उद्यमनगर_लेथ
धन्यवाद. मशिनबद्दलचं माझं मत मागं घेतो. वाचनखूण साठवली.

पंचगंगा_घाट
उन्हाबद्दल भर घालतो. फिरायला सकाळी सातच्या आत किंवा सूर्य मावळल्यावर तासाभरानं. डांबरावर हाताची मागची बाजू सात सेकंद ठेवून बघा, आपल्याला सोसवत नसेल तर त्यांच्या पंजालाही नाही. कुत्र्याचं नेहमीचं तापमान ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सिअस. ४० च्या वर सरकलं, जीभ गडद लाल, लाळ चिकट, चाल डळमळीत, तर लगेच सावलीत घ्या, साधं नळाचं पाणी कातडीपर्यंत ओता, पंखा लावा. ओला टॉवेल अंगावर गुंडाळून ठेवू नका, उष्णता आत कोंडते. आधी गार करायचं, मग दवाखान्याकडं निघायचं.

पण आपल्याकडं उन्हाळ्यापेक्षा जून ते सप्टेंबर जास्त त्रासाचा. दाट केस ओले राहिले की आत बुरशी आणि चिघळलेले चट्टे. भिजून आलं की टॉवेलनं दाबून पाणी टिपा, चोळू नका, आणि ड्रायर कोमट ठेवून मुळापर्यंत वाळवा. पावसाळ्यात अंघोळ चार आठवड्यांनी एकदा पुरे. आपला शॅम्पू नको, त्यांच्या कातडीला तो मानवत नाही.

२०१९ आणि २०२१ चे महापूर आठवा. पुराचं पाणी ओसरल्यावर साचलेल्या डबक्यांत उंदरांचं मूत्र मिसळलेलं असतं, त्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो, कुत्र्याला आणि आपल्यालाही. लेप्टोची लस तीन-चार आठवड्यांच्या अंतरानं दोनदा, मग दरवर्षी, मे महिन्यात उरकून घ्या.

गोचीड: पांढऱ्या केसांतही आतल्या कापसात लपते. कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यांत रोज चाचपा. चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढा. रॉकेल नको, विडीचा चटका नको. अंडी भिंतीच्या भेगांत घातलेली असतात, म्हणून नुसतं कुत्र्याला औषध लावून भागत नाही. ताप, पांढरट हिरड्या, नाकातून रक्त दिसलं तर त्याच दिवशी रक्ततपासणी.

तांबडा_रस्सा
खाण्यावर कुणीच बोललं नाही? कोल्हापुरात? 😀 घरात रविवारी मटण, कुत्र्यानं काय पाप केलंय?

पन्हाळ्याचा_वारा
मटण द्या, रस्सा नको. तांबडा असो की पांढरा, कांदा-लसूण त्यात असतोच आणि त्यानं कुत्र्याच्या तांबड्या पेशी फुटतात. नारळाचं दूध आणि तवंग यांनी स्वादुपिंडाला सूज येते, लहान कुत्र्यांत ती जिवावर बेतू शकते. मसाला घालण्याआधी पाण्यात शिजवलेले, हाड-चरबी काढलेले तुकडे बाजूला ठेवा. शिजलेलं हाड अजिबात नको, त्याच्या टोकदार चिरफळ्या होतात.

आपल्या भागाचा खास धोका म्हणजे तासगावचे बेदाणे आणि सांगलीची द्राक्षं. मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात आणि अमुक इतके चालतात असं सुरक्षित प्रमाण नाही. दोष टार्टारिक आम्लाचा असावा असं आता मानतात, ते चिंचेतही असतं, म्हणून चिंचेचं सारही नको. सणासुदीला शिरा, पुलाव, मोदकाचं सारण ही ताटं उंचावर ठेवा. खाल्लंच तर उलट्या सुरू होण्याची वाट न बघता दवाखाना.

प्रमाण: नसबंदी झालेल्या तीन किलोच्या पॉमला दिवसाला सुमारे २२० ते २५० कॅलरी, सहा किलोच्या स्पिट्झला ३७५ ते ४३०. ५० ग्रॅम पिठाची एक भाकरी म्हणजे १७० च्या आसपास. म्हणजे आजींनी प्रेमानं रोज एक भाकरी चारली तर पॉमचा अर्ध्याहून जास्त कोटा तिथंच संपला. वाढत्या वजनाचा भार गुडघ्यावर येतो. दोन्ही जातींत मागच्या पायाची वाटी सरकण्याचा दोष आढळतो. चालता चालता दोन-तीन पावलं पाय उचलून धरतो आणि पुन्हा नीट चालतो, ती खूण. गुळगुळीत फरशीवर तरट किंवा जुनी सतरंजी टाका.

शिवणीचा_वाघ
आणि चपला! चौथ्या ते सहाव्या महिन्यात दात शिवशिवतात, तेव्हा कोल्हापुरी चपलेइतकं आवडतं काही नाही. वनस्पतीनं कमावलेलं, तेल पाजलेलं चामडं, वास त्यांना लांबून कळतो. चपला कपाटात, आणि गारठवलेलं गाजर त्याच्या तोंडात. सहा-सात महिन्यांनंतर दुधाचा सुळा नव्या सुळ्याशेजारी तसाच उभा दिसला तर काढून घ्या. दोघांत अन्न अडकून दात किडतात.

रंकाळावेस
सगळ्यांचे मनापासून आभार. पुन्हा जाऊन मापं घेतली. पिल्लाचं वजन १,१५० ग्रॅम. आई तिथंच होती: सहा किलो, पांढरी, तोंड लांबट, कान बऱ्यापैकी मोठे. बाप दाखवला नाही. पैदास-नोंदणीचा कागद मागितला, 'पुढच्या आठवड्यात देतो' म्हणाले.

ऊनसावली
आई सहा किलोची म्हटल्यावर दोन किलोची हमी निकालात निघाली. खऱ्या पॉमचं तोंड आखूड असतं, कवटीच्या लांबीच्या सुमारे निम्मं. कान इतके लहान की मानेच्या केसांत बुडतात. तुम्ही सांगताय ती खूण इंडियन स्पिट्झची. पॉमचे पैसे देऊ नका. पण पिल्लू म्हणून काही उणं नाही, तुमच्या घराला तेच जास्त सोयीचं.

कायद्याचं_बोला
कागद हातात पडल्याशिवाय आगाऊ रक्कम नको. आठ आठवडे भरायला अजून अकरा दिवस आहेत, तेवढ्यात तो यायला हवा. आठ आठवड्यांच्या पिल्लाला दुधाचे २८ दात असतात, तोंड उघडून मोजा, वय खोटं सांगितलं असेल तर तिथं कळतं.

पन्हाळ्याचा_वारा
आणताना जंताच्या औषधाच्या तारखा लिहून आणा, दर पंधरा दिवसांनी दिलेलं असायला हवं. पार्वो-डिस्टेंपरची पहिली लस सहा ते आठ आठवड्यांत, मग तीन-चार आठवड्यांच्या अंतरानं सोळा आठवडे पूर्ण होईपर्यंत. रेबीजची लस पिल्लू तीन महिन्यांचं झाल्यावर. तोवर रंकाळ्यावर खाली सोडायचं नाही, कडेवर घेऊन गर्दी, रिक्षा, भोंगे सगळं दाखवायचं. आईच्या अंगाखालचं एखादं फडकं मागून घ्या आणि पहिले काही दिवस त्याच्या टोपलीत घाला.

रंकाळावेस
फडक्याचं आजच सांगून ठेवतो. आजींनी घुंगरू आधीच काढून ठेवलंय.